कोकणचा जलमार्ग आणि गिरणी कामगार

कोकणास रस्ता कोणता, असे शंभर वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर रत्नागिरीच्या माणसाने समुद्राकडेच हात केला असता. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली, १८६३ साली ती बोरघाट चढली. पण रत्नागिरीस रुळांचे दर्शन घडावयास गेल्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. सडकेने यावे तर सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री आडव्या. तेव्हा उरली आगबोट.

हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी तिची वाट. बहुतेक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना होडीतून, पेट्याबोचक्यांसह, वर चढवीत. आगोट लागली की हा मार्ग बंद. परदेशी भांडवलाच्या कंपनीशी स्पर्धा करण्यास स्वदेशी कंपनी निघाली, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. या ‘माझी’त डेकवरच्या उतारूचा वाटा किती, हा प्रश्न निराळा!

गिरण्यांचा इतिहास लिहिणारे चात्यांचा आणि नफ्याचा हिशेब मांडतात. कामगार आला कशातून, हे क्वचितच सांगतात. १९२८ चा संप एप्रिलअखेर सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने टिकला. संपाच्या काळात पुष्कळ कामगार गावी जात, घरच्या भाकरीवर दिवस काढीत. पावसापूर्वी बोटी चालू असत, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे कोकणी कामगाराच्या चिकाटीस या जलमार्गाचा केवढा आधार होता ते उमगते. संघटनेच्या कामात मला हे पुस्तकांपेक्षा म्हाताऱ्या कामगारांकडूनच अधिक कळले.

या स्वस्त प्रवासाची किंमत मात्र उतारूंनीच भरली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असता, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस बातमी कळली ती संध्याकाळी.

जमिनीवरचा मार्ग तरी निर्धोक आहे काय? कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, पण तोपर्यंत गोव्यापर्यंतची जुनी बोटवाहतूक बंदही पडली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदीत पडल्या. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी नेणारी मोठी बोट सुरू झाली. मोटारवाल्यांची सोय झाली, चांगले झाले. जलवाहतुकीच्या पुढच्या योजना आखताना बिगरमोटारीच्या उतारूचे भाडे, त्याच्या वाट्याचे जीवरक्षक जाकीट आणि खलाशाचे कामाचे तास ही तीन कलमे करारात आधी लिहून घ्यावीत, एवढी आमची मागणी आहे.