हात, बुद्धी आणि वर्धा : एका शब्दाचे दोन अर्थ

१/४
हाताला काम दिल्याने मुलाची बुद्धी वाढते का? २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींचे उत्तर ‘होय’ असे होते.

२/४
झाकिर हुसेन समितीने त्याचे वेळापत्रक आखले : रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योग. सूत कातताना गणित, भूगोलही शिकायचा. या सांधणीला म्हणत ‘समवाय’, इंग्रजीत कोरिलेशन.

३/४
संख्याशास्त्रात याच इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘सहसंबंध’. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या गुणांतील सहसंबंध मोजून बुद्धीचा एक समान घटक अनुमानिला. वर्धा योजनेच्याच काळात व्ही. व्ही. कामत बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतत होते.

४/४
समवाय शिक्षक घडवतो. सहसंबंध आकड्यांत शोधावा लागतो. तो सापडला, तरी कारण सिद्ध होत नाही. कातणारे मूल हुशार निघाले, तर श्रेय टकळीचे, घराचे की पोटभर अन्नाचे? त्यासाठी तशाच परिस्थितीतील, पण टकळीविना शिकणाऱ्या मुलांशी तुलना हवी. मुलाच्या दिवसातील ३ तास २० मिनिटे मागणाऱ्या योजनेला हा प्रश्न विचारणे रास्तच ठरते.