पंतसचिवांचा मुलूख आणि इंग्रजीतील अनिश्चित सर्वनामे

शिवराज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ मध्ये, ‘सुरनीस’ या फारसी पदनामाच्या जागी ‘सचिव’ हे संस्कृत नाव रूढ झाले, आणि राजपत्रे बारकाईने पाहून त्यांतील अधिकउणा मजकूर शुद्ध करणे हे या प्रधानाचे काम ठरले. छत्रपती राजाराममहाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांना मिळाले, पुढे ते त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले आणि भोर ही पंतसचिवांची राजधानी झाली; वेल्ह्याचा परिसर याच संस्थानात, तोरणा किल्ल्याच्या दुसऱ्या नावावरून, प्रचंडगड तालुका म्हणून मोडत असे. लेखनशुद्धी हा ज्यांचा मूळ अधिकार, त्यांच्या मुलखातील शाळांत पुढे इंग्रजी वाक्यांचे शुद्धाशुद्ध शिकवले जावे, हा इतिहासातील मोठा अर्थपूर्ण योग आहे.

त्या शुद्धाशुद्धातला एक धडा अनिश्चित सर्वनामांचा. अनिश्चित सर्वनाम म्हणजे विशिष्ट व्यक्तीचा वा वस्तूचा नेमका निर्देश न करणारे सर्वनाम. लिंडले मरे यांनी १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात ‘सम’, ‘एनी’, ‘ऑल’ यांना अनिश्चित म्हटले, तर ‘ईच’ आणि ‘एव्हरी’ यांचा वेगळा, विभागवाचक गट केला, कारण हे शब्द समूहातील एकेकाचा स्वतंत्र विचार करतात. ‘एव्हरीबडी’नंतर एकवचनी क्रियापद का येते, याचा उलगडा या भेदातच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि इंग्रजी धर्तीच्या वर्गीकरणाची ओळख मराठी विद्यार्थ्याला स्वभाषेतच होऊ लागली.

वर्गीकरण जुळले तरी वाक्यरचना जुळत नाही, आणि विद्यार्थ्याची चूक नेमकी तेथेच होते. ‘सगळे आले आहेत’ असे मनात बोलणारा मुलगा ‘एव्हरीबडी हॅव कम’ लिहितो, तेथे ‘हॅज’ हवे. त्याहून अवघड प्रकरण नकाराचे, कारण ‘कोणी आले नाही’ या वाक्यातील ‘नाही’ तो सहज उचलतो आणि ‘नोबडी डिड नॉट कम’ लिहून बसतो. प्रमाण इंग्रजीत ‘नोबडी’ या सर्वनामातच नकार सामावलेला असल्याने दोन नकार परस्परांना खोडतात आणि सर्वच जण आले असा उलटा अर्थ निघतो. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ती मातृभाषेच्या नियमाशी राखलेली इमानदारी आहे.

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. भोर-वेल्ह्याच्या शिक्षकांनी ‘नोबडी’तील नकाराचा नियम शिकवताना ‘कोणी आले नाही’ हे वाक्य आधी फळ्यावर लिहावे आणि इंग्रजी वाक्य त्याच्या शेजारी मांडावे.