प्रॉम्प्टमधल्या रिकाम्या जागा

एआयसाठी प्रॉम्प्ट लिहिण्याचे तयार नुस्खे आता ढिगाने मिळतात. ‘तू नामांकित वकील आहेस’ अशी सुरुवात करावी, टप्प्याटप्प्याने विचार करायला सांगावे, वगैरे. टप्प्यांची युक्ती २०२२ मध्ये गाजली. आताची बरीच मॉडेल्स ते न सांगताही करतात. खरी मेख दुसरीकडे आहे. भाषेचे मॉडेल समोरच्या मजकुराला धरून पुढचा संभाव्य मजकूर घडवते, आणि आपण न सांगितलेल्या जागा त्याने वाचलेल्यातले जे नेहमीचे असेल त्याने भरून काढते. पुण्यातल्या माणसाचे यात फारसे बिघडत नाही, कारण हे ‘नेहमीचे’ बहुधा त्याच्याच आसपासचे असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याहून घाट चढून मोलगीला पोचेपर्यंत हे गणित पार फिरते. इथल्या माणसाचा प्रॉम्प्ट लांबच हवा.

वनहक्काचा दावा घेऊ. ‘माझा वनजमिनीचा दावा नामंजूर झाला, अपील लिहून दे,’ एवढेच लिहिले तरी उत्तर सफाईदार मराठीत येते आणि त्या सफाईनेच माणूस फसतो. मसुद्यात तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडण्याची भाषा येऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्यात ही अट ‘इतर पारंपरिक वननिवासीं’साठी आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला ती लागू नाही. त्याचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. दावेदार भिल्ल आहे हे प्रॉम्प्टमध्ये नव्हतेच. मोलगीत ते कोण कशाला सांगत बसेल? दावा कोणी नाकारला, हेही राहून गेले. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध दाद उपविभागीय समितीकडे मागायची, उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे. मुदत दोन्हीकडे ६० दिवस, म्हणून तारीखही हवी.

दुरुस्त प्रॉम्प्ट असा होईल: ‘मी अनुसूचित जमातीचा आहे. उपविभागीय समितीने अमुक तारखेला माझा दावा नाकारला. पत्रातले कारण जसेच्या तसे खाली देतो. माझ्याकडे पुढील पुरावे आहेत, तेवढेच वापर. माहिती नसेल तिथे जागा कोरी ठेव, मनाने भरू नको. लिहिण्याआधी काय कमी पडते ते मला विचार.’ माझ्या मते यातली शेवटची दोन वाक्ये वकिलाच्या सोंगापेक्षा कितीतरी मोलाची आहेत. तयार मसुदा तरीही जाणकाराला दाखवायचाच. आधार क्रमांक मात्र प्रॉम्प्टमध्ये घालू नये.

नमुना देणे हा दुसरा मार्ग. प्रॉम्प्टमध्येच दोन-चार नमुने दिले की मॉडेल त्या वळणावर जाते, हे २०२० मध्ये जीपीटी-३ ने ठळकपणे दाखवले. चौथीच्या शिक्षकाने भागाकाराची नुसती ‘पाच उदाहरणे’ मागितली तर सफरचंदे आणि चॉकलेटे येतील. त्याने इथे कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून केलेल्या आमचुराचे एक उदाहरण स्वतः लिहून द्यावे. किती कैरीला किती आमचूर उतरतो, हा आकडा यंत्राला विचारू नये. तो पोरांच्या आयांना विचारून प्रॉम्प्टमध्ये घालावा.

भिल्लांच्या भिली भाषेपाशी मात्र प्रॉम्प्टची ताकद संपते. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत, पण लिहिलेला मजकूर फार थोडा. त्यात देहवाली, नोयरी, पावरी अशी बोलींची रूपे निरनिराळी. केंद्राच्या ‘आदि वाणी’ या भाषांतर प्रकल्पात २०२५ मध्ये भिली आली आहे, तरी देहवालीत सूचना लिहून मागितली तर मॉडेल गुजरातीकडे झुकलेले काहीतरी ठामपणे पुढे करील. अशा वेळी मागणीच बदलावी: लहान वाक्यांचे साधे मराठी, एका वाक्यात एकच मुद्दा, तारखा आणि कागदांची नावे वेगळ्या ओळीत. मग ग्रामसभेत ते आपल्या बोलीत सांगणाऱ्याला अडखळावे लागणार नाही.