चिंता : अबू झैद अल-बल्खी यांचा विचार

चिंतेने ग्रासलेल्या माणसाला ‘श्रद्धा कमी पडते’ असे सुनावण्याची खोड कोणत्याही एका धर्माच्या अनुयायांपुरती मर्यादित नाही. मुस्लिम घरांतही ‘ईमान कच्चे’ हा शेरा कानी पडतोच. इस्लामी परंपरेतील एका जुन्या ग्रंथाने मात्र चिंतेकडे पाप म्हणून नव्हे, तर आजार म्हणून पाहिले आहे.

अबू झैद अल-बल्खी (सु. ८५०–९३४) हे आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख परिसरातले. बगदादमध्ये तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्या परंपरेत ते घडले. भूगोलवेत्ते म्हणून त्यांची ख्याती अधिक. ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ म्हणजे देह आणि मन यांचे हित, या त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग मनाला वाहिलेला आहे. वैद्य देहाची चिकित्सा करतात आणि मनाला विसरतात, ही त्यांची तक्रार आजही जुनी वाटत नाही.

क्रोध, भय, दुःख आणि ‘वसवसा’ म्हणजे मनात वारंवार घुसणारे नकोसे विचार, असे मनोविकारांचे चार गट त्यांनी केले. दुःखाचेही दोन प्रकार मानले : कारण ठाऊक असलेले आणि कारण न सापडणारे. दुसऱ्याचे मूळ देहात असते, म्हणून त्यावर देहाचेही उपचार करावेत, असे ते सांगतात. त्यातील रक्तदोषाची उपपत्ती आता कालबाह्य झाली आहे. भेद मात्र लक्षणीय आहे. भीतीवरचा त्यांचा उपाय तर थेट आजच्या मानसोपचाराची आठवण करून देतो. ज्याची भीती वाटते त्याची मनाला हळूहळू सवय लावायची. घरात औषधे साठवतो तसे, मन शांत असतानाच धीराचे विचार जमवून ठेवायचे. वसवशाने पछाडलेल्याने एकांत टाळावा, हाही त्यांचा सल्ला.

कुराणात ईश्वरस्मरणाने हृदयाला शांती लाभते असे म्हटले आहे. नमाज आणि ‘जिक्र’ यांचा आधार अनेकांना वाटतो तो त्यामुळे. ‘तवक्कुल’ म्हणजे ईश्वरावर भरवसा. तिरमिझी यांच्या हदीस-संग्रहात त्याचा अर्थ उंटाच्या दाखल्यातून येतो : आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा. औषधोपचार घेण्याचा आदेशही हदीसमध्ये आहे. त्यामुळे प्रार्थना की डॉक्टर, हा वाद या परंपरेत मुळात उद्भवू नये.

बल्खींच्या ग्रंथाच्या मनविषयक भागाचे सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. झोप उडणे, धडधड, कामात लक्ष न लागणे असा त्रास काही आठवडे टिकला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.