नट, बोल्ट आणि स्क्रू

आट्यांच्या आधाराने दोन भाग घट्ट धरणारी आणि पुन्हा सोडवता येणारी जोडणी. दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार म्हणजे आटा. जुने मराठी नाव मळसूत्र. शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर म्हणजे पिच. एका फेऱ्यात नट तेवढाच सरकतो. मळसूत्राचा शोध आर्किमिडीजच्या नावावर सांगतात. त्यावर एकमत नाही.

पकड : नट आवळला की बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि या ताणानेच भाग एकमेकांवर दाबून राहतात. पान्याला दिलेल्या पिळापैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी आणि बराचसा आट्यांमध्ये घासण्यात जातो. ताणासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणूनच तेल लावलेला बोल्ट कोरड्याइतकाच पीळ देऊन आवळला तर जास्त ताणतो, प्रसंगी तुटतो. डोक्यावरचा 8.8 हा आकडा ताकद सांगतो : तुटण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, कायमचे ताणले जाण्याची तिच्या 80 टक्के.

प्रमाण आटे : पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले स्क्रू जमवून 1841 मध्ये 55 अंशांच्या, गोलसर माथ्याच्या आट्याचे प्रमाण मांडले. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये 60 अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. तो पाडायला सोपा होता. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचामागे व्हिटवर्थचे 12 आटे, तर अमेरिकी जाड आट्यात 13. एकाचा नट दुसऱ्यावर हाताने थोडा चढतो आणि अडतो. तिथे पान्याने रेटले की आटे गेलेच. दुसऱ्या महायुद्धात ही विसंगती फार नडली. 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी 60 अंशांचा सामाईक आटा स्वीकारला. मेट्रिक आट्याचा कोनही 60 अंशच.

पान्यावरचे आकडे : 13 चा पाना 8 मि.मी.च्या बोल्टला लागतो, कारण मेट्रिक पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर लिहिलेले असते. जुन्या व्हिटवर्थ पान्यावर मात्र बोल्टची जाडी लिहीत. जुन्या यंत्रावर काम करताना हा फरक न कळल्यास नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो.

उलटे आटे : फिरणाऱ्या भागाने जोडणी सैल होऊ नये म्हणून, उदा. सायकलचे डावे पेडल.

लाकडी स्क्रू : नट लागत नाही, स्क्रू लाकडात स्वतःच आटे पाडत जातो.