मांडूच्या भिंतींवरील भूमिती

मांडूस जाणारा प्रवासी बहुधा रूपमतीची कथा मनात घेऊन गड चढतो आणि तीच घेऊन उतरतो. हा गड अठराव्या शतकात धारच्या पवारांकडे आला, इंदूरपासून तो अवघ्या शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, तरी आम्हा माळव्यातील मराठी मंडळींची दृष्टीही फारशी निराळी नाही. तेथील दगडी जाळ्या आणि निळ्या झिलईच्या चिपा यांकडे नक्षी म्हणून क्षणभर पाहावे व पुढे जावे, असाच प्रघात पडला आहे.

होशंगशाहाने (राज्यकाल १४०६–१४३५) धार सोडून मांडू ही माळव्याच्या सुलतानीची राजधानी केली. त्याच्या संगमरवरी कबरीतील अंधूक प्रकाश दगडी जाळ्यांतूनच आत झिरपतो. त्याने आरंभिलेली जामी मशीद महमूद खिलजीने १४५४ मध्ये पुरी केली. पुढे जहाज महालावर निळ्या-पिवळ्या चिपांचे पट्टे आले. भाजक्या मातीवर काचेची झिलई चढवून पुन्हा भाजण्याची ही विद्या इराणातून आली. गडद निळा रंग कोबाल्टचा, हिरवट निळा तांब्याचा.

ही नक्षी भूमितीचीच का? सजीवांचे चित्रण धर्माने वर्ज्य, म्हणून कारागीर रेषांकडे वळला, हे उत्तर शाळेत आपण सारेच शिकलो. पण याच मांडूत गियासशाह व नासिरशाह यांच्या दरबारी ‘निअमतनामा’ हा पाकग्रंथ सचित्र सिद्ध झाला, आणि त्यात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांपासून खुद्द सुलतानापर्यंत माणसेच माणसे आहेत. मशिदीत मात्र एकही आकृती नाही. तेव्हा कोणत्या जागी काय शोभते याचा विवेक येथे होता, केवळ निषेध नव्हता, असे मानणे भाग पडते. ही नक्षी म्हणजे ईश्वराच्या अनंतत्वाचे प्रतीक, असेही हल्ली सर्रास लिहिले जाते. कल्पना मोहक आहे. तथापि कारागिराच्या हाताकडे पाहिल्यावाचून तिचा स्वीकार करणे मला घाईचे वाटते.

तो हात काय करीत होता, हे कोणत्याही विद्यार्थ्यास कंपासपेटीने पडताळता येईल. वर्तुळ काढावे, त्याच त्रिज्येने परिघावर खुणा कराव्या, त्या बरोबर सहा होतात. एकाआड एक खुणा जोडल्या की दोन त्रिकोण एकमेकांत गुंततात आणि आपल्या यंत्रांतून परिचित असलेला षट्कोणी तारा उमटतो. असे तारे टोकास टोक लावून मांडीत गेले, की मधल्या जागा आपोआप सम षट्कोन होतात. ते कोणी काढीत नाही, ते उरतात. पाच व दहा टोकांच्या ताऱ्यांचे प्रकरण याहून अवघड, कारण नियमित पंचकोनांनी पृष्ठभाग बिनफटीचा भरत नाही. मांडूची मशीद पुरी होण्याच्या आदल्याच वर्षी, १४५३ मध्ये, इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या वास्तूवर कारागिरांनी त्यातून काढलेली वाट इतकी सूक्ष्म आहे, की तिचे गणित २००७ मध्ये लू व स्टाइनहार्ट या अमेरिकेतील संशोधकांनी उलगडून दाखविले. कारागीर व भूमितिज्ञ यांचा हा सहवास जुना होता. दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफाने कारागिरांस लागणाऱ्या भूमितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

याच सहवासाची एक खूण होशंगशाहाच्या कबरीच्या दारावर कोरलेली आहे. हिजरी १०७०, म्हणजे इ. स. १६५९ मध्ये, ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमदाचा पुत्र लुत्फुल्ला तेथे आला. त्याच्यासमवेत ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम व उस्ताद हमीद हेही होते. ताजमहालाचा धडा घेण्यासाठी ही मंडळी आली, असे वाटाडे सांगतात; पण तोवर ताज उभा राहून काही वर्षे लोटली होती. शिकण्यापेक्षा वंदन करण्यास ती आली असावीत. लुत्फुल्ला स्वतःस ‘मुहंदिस’, म्हणजे भूमितिज्ञ, म्हणवीत असे. त्याचा भाऊ अताउल्ला याने १६३४-३५ च्या सुमारास भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ फारसीत आणले. ज्या भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, त्यांचेच हे बीजगणित. एका घरात भास्कराचार्य वाचले जातात आणि त्याच घरातला भाऊ मांडूच्या कबरीस येतो, याचे आपल्याकडे कोणास अप्रूप वाटू नये, याचे मला वैषम्य वाटते.

पावसाच्या ओलीने झिलई मातीपासून सुटते, आणि मांडूचा पाऊस मोठा आहे. बऱ्याच चिपा गळून गेल्या. चित्र पुसले तर गेलेला चेहरा कोणी परत आणू शकत नाही. या नक्षीचे तसे नाही. एका ताऱ्याची दोन टोके व त्यांमधील कोन भिंतीवर शाबूत असेल, तर वर्तुळाची त्रिज्या निघते. त्रिज्येवरून शेजारचा तारा, आणि त्यावरून पट्टा कोपऱ्यापर्यंत कागदावर पुन्हा मांडता येतो. त्यासाठी फक्त तो कोन गळून पडण्यापूर्वी कोणीतरी मोजून ठेवावयास हवा.