कुवेतमधील दूरसंचार आणि दूरचित्रवाणी

कुवेतमध्ये 1961 मध्ये सुरू झालेली दूरचित्रवाणी सरकारी होती आणि घरोघरी गेलेले दूरध्वनीच्या तारांचे जाळेही दळणवळण मंत्रालयाच्या हाती होते; त्यामुळे 1983 मध्ये स्थापन झालेल्या व 2007 पासून ‘झेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बलाढ्य मोबाइल कंपनीलाही ब्रॉडबँडच्या, म्हणजे वेगवान इंटरनेट जोडणीच्या, व्यवसायात मुख्यतः बिनतारी मार्गाने शिरावे लागले. सशुल्क दूरचित्रवाणी मात्र उपग्रहावरून आली. ‘किपको’ या कुवेती गुंतवणूक समूहाने अमेरिकेच्या व्हायाकॉमसह उभारलेली ‘शोटाइम अरेबिया’ 2009 मध्ये ‘ऑर्बिट’शी एकत्र होऊन ‘ओएसएन’ बनली. 2019 मध्ये पाचव्या पिढीची मोबाइल सेवा आल्यावर तार न टाकताही इंटरनेटवरून घरातील पडद्यापर्यंत चित्रपट पोहोचवणे सोपे झाले आणि दोन्ही व्यवसायांमधील सीमा पुसट झाली.